वाचक विचारतात : भाऊ पोलिश, बहीण युक्रेनी?

प्रश्न : गॅलिशियातल्या, म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेन सीमेवरच्या, एका घराण्याची वंशावळ पाहिली. सख्ख्या भावंडांत भाऊ पोलिश आणि बहीण युक्रेनी अशी नोंद आहे. लिहिणाऱ्याची चूक असावी का?

उत्तर : बहुधा नाही. तिथे माणूस कोणाचा, हे बोलीपेक्षा चर्चवरून ठरे. रोमन कॅथलिक तो पोलिश, ग्रीक कॅथलिक तो रुथेनियन म्हणजे पुढे युक्रेनी, असा ढोबळ हिशेब. (पोपला दोघेही मानतात, फरक उपासनेच्या रीतीत.) मिश्र लग्नात मुलगे वडिलांच्या चर्चचे, मुली आईच्या, असा रिवाज होता. १८६३ साली दोन्ही पंथांत झालेल्या करारातही हाच नियम आला.

मात्र हिशेब ढोबळच. युक्रेनी बोलणारे रोमन कॅथलिक पुष्कळ होते. त्यांना ‘लातिन्निकी’ म्हणत. शेप्तित्स्की बंधूंचे उदाहरण तर चक्रावून टाकणारे: आंद्रेय हे ल्विव्हचे ग्रीक कॅथलिक महाधर्माध्यक्ष, युक्रेनी समाजाचा आधारस्तंभ, धाकटे स्तानिस्लाव पोलंडच्या सैन्यात जनरल. इथे ओळख जन्माने मिळाली नाही, दोघांनी ती निवडली.

वंशावळ तपासताना नावावर विसंबू नका. नोंदवह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असत, त्यामुळे पोलिश यान आणि युक्रेनी इव्हान दोघेही ‘योआनेस’ होतात. आधी पाहा, वही कोणत्या चर्चची आहे. पण तिथेही गफलत होते: गावात आपले चर्च नसेल तर लोक बाळाचा बाप्तिस्मा शेजारच्या पंथाच्या पाद्र्याकडून करून घेत. म्हणून एका नोंदीवर निष्कर्ष काढू नये. आईवडिलांच्या लग्नाची आणि इतर भावंडांचीही नोंद मिळवावी. तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची असेल, तर एकोणिसाव्या शतकात १२ आणि विसाव्यात १३ दिवस मिळवावे लागतात. याच फरकामुळे गावात नाताळ दोनदा येई, आणि शेजाऱ्याच्या सणाला आपणही अवजड काम टाळावे, असा संकेत होता.

प्रश्न : मग १९३१च्या जनगणनेतले आकडे वापरावेत का?

उत्तर : जपून. पोलंडने तेव्हा राष्ट्रीयत्व विचारलेच नाही. मातृभाषा आणि धर्म विचारले. वर ‘युक्रेनी’ आणि ‘रुथेनियन’ या दोन वेगळ्या भाषा मोजल्या, म्हणजे एकाच समाजाची बेरीज दोन रकान्यांत फुटली. उत्तरेकडच्या पोलेसी प्रांतात तर सुमारे ७ लाख लोकांची भाषा ‘इथलीच’ अशी नोंदली गेली. आम्हाला ते सगळ्यांत प्रामाणिक उत्तर वाटते, जरी त्यामागे अधिकाऱ्यांची सोयही होती.

प्रश्न : १९४७ नंतर त्या गावांतली युक्रेनी नावे एकदम का गायब होतात?

उत्तर : १९४३मध्ये गॅलिशियाच्या उत्तरेला लागून असलेल्या व्होलिनियात युक्रेनी बंडखोर सेनेने पोलिश गावांवर हल्ले केले, हजारो मारले गेले, पोलिश गटांनी युक्रेनी गावांवर सूड उगवला. मिश्र घरांची कोंडी दोन्हीकडून झाली. १९४४ ते ४६ या काळात सुमारे ४ लाख ८० हजार युक्रेनी सोव्हिएत युक्रेनमध्ये पाठवले गेले. उरलेल्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजारांना २८ एप्रिल १९४७पासून ‘व्हिस्तुला मोहिमे’त पोलंडच्याच उत्तरेला आणि पश्चिमेला हलवले. एका वस्तीत ते १० टक्क्यांहून जास्त नसावेत, अशी सूचना होती. तेव्हा आजच्या पोलंडमधल्या, युक्रेन सीमेजवळच्या प्शेमिश्लच्या आसपास माग तुटला, तर ऑल्श्टिन, श्चेचिन आणि व्ह्रोत्स्वाफकडच्या नोंदींत शोधा.