ओएनजीसीच्या परदेशी विहिरी आणि फंडाचे बारा लाख

प्रश्न: मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. घरखर्च पेन्शनमध्ये भागतो. फंडाचे १२ लाख बचत खात्यात पडून आहेत. ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी परदेशात तेलक्षेत्रं विकत घेते, म्हणून शेअर वाढणार आणि लाभांशही मिळत राहणार, असं भाचा म्हणतो. सगळे पैसे त्यात घालू का?

उत्तर: ताई, सगळे नको. कंपनी वाईट नाही, पण भाच्याने सांगितलेलं कारण कच्चं आहे.

परदेशातले व्यवहार ओएनजीसी विदेश ही तिची शंभर टक्के मालकीची उपकंपनी करते. तेलक्षेत्र घेतलं म्हणजे नफा झाला, असं नसतं. ते कोणत्या भावाला घेतलं आणि तिथला पैसा घरी येतो का, हे दोन प्रश्न विचारायचे. २००१ मध्ये रशियातल्या सखालीन-१ या तेलक्षेत्रात २० टक्के हिस्सा घेतला, तेव्हा तेल पिंपाला २५ डॉलरच्या आसपास होतं. पुढे भाव चढले आणि हा सौदा फळला. आता रशियाच्याच सायबेरियात तेल काढणाऱ्या इंपीरियल एनर्जी या कंपनीच्या खरेदीचं बघा. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरवर गेलं, ऑगस्टमध्ये बोली लागली, डिसेंबरात तेल चाळिशीच्या खाली आलं आणि जानेवारी २००९ मध्ये सुमारे २१० कोटी डॉलर मोजून व्यवहार पूर्ण झाला. उत्पादनही अपेक्षेपेक्षा फारच कमी निघालं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने त्यावर ताशेरे ओढले. घेणारी कंपनी तीच होती, देशही तोच.

पैसा घरी येण्याचं दुखणं मला जास्त मोठं वाटतं. व्हेनेझुएलातल्या सान क्रिस्तोबाल तेलक्षेत्राचा लाभांश वर्षानुवर्षं थकला. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियातला लाभांश तिथल्याच बँकांत अडकला. मोझांबिकच्या वायू प्रकल्पात कंपनीचा १६ टक्के हिस्सा आहे. २०२१ मध्ये प्रकल्पाजवळच्या पाल्मा गावावर हल्ला झाला आणि तिथलं काम काही वर्षं ठप्प झालं.

आणखी एक गोष्ट. कंपनीत सरकारचा हिस्सा सुमारे ५९ टक्के आहे. देशाला तेल मिळावं, हा सरकारचा हेतू मला पटतो, पण तुमच्या लाभांशाचा क्रम त्यानंतर लागतो. २०१८ मध्ये एचपीसीएल म्हणजे हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारी हिस्सा ओएनजीसीने ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला आणि त्यासाठी कर्ज काढलं. छोट्या भागधारकाला कोण विचारतं?

म्हणून माझी वाटणी अशी: ९ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, म्हणजे दर तिमाहीला व्याज हातात. २ लाख इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे वाटणाऱ्या फंडात, तेही वर्षभरात थोडे थोडे. उरलेल्या लाखाचे ओएनजीसीचे शेअर हवे असतील तर जरूर घ्या, पण तीन-चार हप्त्यांत, आणि तेल महागल्याच्या बातम्या जोरात असतील त्या आठवड्यात मुळीच नाही. लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर कर लागतो, हेही धरून चाला.

खरेदीआधी भाच्याला ओएनजीसीचा ताजा वार्षिक अहवाल उघडायला सांगा. त्यातले एकत्रित (कन्सॉलिडेटेड) हिशेब बघायचे, कारण परदेशी उपकंपनीचे आकडे त्यातच मिळतात. तिथे ‘इंपेअरमेंट’ हा शब्द शोधा. घेतलेल्या मालमत्तेची किंमत कंपनीने स्वतःच किती खाली आणली, हे त्या ओळीत कळतं. मागच्या पाच वर्षांचे आकडे एका कागदावर लिहून मला पाठवा, त्या लाखाचं नक्की करण्याआधी आपण ते एकत्र बघू.