समुपदेशकाची समानुभूती सरावाने वाढते का, की ती उपजतच लागते?

हो, समानुभूती (समोरच्याला काय वाटतंय ते त्याच्या जागेवरून समजून घेणं) सरावाने वाढते, पण नुसत्या कार्यशाळेपेक्षा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून आणि त्यावर जाणकाराचा अभिप्राय घेऊन जास्त. अमेरिकेत विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली १४० व्यसनमुक्ती समुपदेशकांवर प्रेरणात्मक मुलाखत पद्धतीचा (समानुभूतीने ऐकत समोरच्याची स्वतःचीच बदलाची इच्छा जागवणारी समुपदेशनाची पद्धत) प्रयोग केला. कार्यशाळेने फायदा झालाच, पण अभिप्राय किंवा कोचिंग मिळालेल्यांचं कौशल्य आणखी वाढलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते: ‘मला हे चांगलं जमतं’ असं समुपदेशक स्वतः सांगत होते, त्याचा टेपवरच्या कामाशी मेळ बसत नव्हता. म्हणून रेकॉर्डिंग हवंच, अर्थात समोरच्याच्या लेखी संमतीने.

सराव असा करा:
- एकच वाक्य घ्या: ‘आई गेल्यापासून घरी जावंसंच वाटत नाही.’
- ‘वेळ जाईल तसं बरं वाटेल’ हे तोंडावर येईल; ते गिळा.
- ‘घर आहे, पण वाट बघणारं कुणी नाही’ असं काही म्हणून बघा, मग थांबा.

मात्र अंदाज चुकू शकतो. समोरचा ‘तसं नाही’ म्हणाला, तर आपलं वाक्य तिथेच सोडून त्याचं ऐका.