एचपीएलसीचं प्रेशर उतरलं, पण पीकही लवकर आलं? मग पंप उघडू नका

तुमची तक्रार अशी: एचपीएलसी (द्रवाच्या प्रवाहात नमुन्यातले घटक वेगळे करणारं यंत्र), त्यात सी-१८ कॉलम (घटक जिथे वेगळे होतात ती भरलेली नळी), मेथॅनॉल-पाणी ५०:५० एकाच बाटलीत मिसळलेलं, कॉलम ओव्हन (कॉलमचं तापमान राखणारा कप्पा) बंद. सकाळी प्रेशर २१० बार, दुपारी १७०, आणि पीक (घटक बाहेर पडताना आलेखावर दिसणारा उंचवटा) ८.४ मिनिटांवरून ७.५ वर. पंपाचे सील बदलायचे का?

थांबा. गळती असती किंवा चेक व्हॉल्व्ह (द्रव मागे येऊ न देणारी झडप) अडकला असता तर प्रेशर उतरलं असतं, पण फ्लो घटल्यामुळे पीक उशिरा आलं असतं. तुमचं लवकर येतंय. बाटलीतून मेथॅनॉल उडालं असतं तरीही पीक मागेच गेलं असतं. उरलं तापमान.

पंप ठरलेला फ्लो ढकलतो. त्यासाठी किती जोर लागतो ते मोबाईल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाच्या) व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे दाटपणावर ठरतं. इथे मेथॅनॉल-पाण्याची जोडी फार विलक्षण वागते. २५ अंशांना पाणी सुमारे ०.८९ सेंटिपॉइज (व्हिस्कॉसिटीचं एकक), मेथॅनॉल ०.५५, पण अर्धंअर्धं मिसळलं की १.६ च्या घरात, म्हणजे दोघांपेक्षाही दाट! अ‍ॅसिटोनायट्राइल-पाण्याचं मिश्रण जेमतेम १ पर्यंत जातं. अशा दाट मिश्रणात खोली २० वरून २८-२९ अंशांवर गेली, की प्रेशर पाचव्या हिश्शाने सहज उतरतं. रिटेन्शनही (घटकाचं कॉलममध्ये अडकून राहणं) अंशामागे साधारण १ ते २ टक्के घटतं. तुमचे आकडे यात चपखल बसतात.

ओव्हन ३० वर ठेवू नका. बहुतेक साध्या ओव्हनना थंड करता येत नाही, त्यामुळे दुपारी खोलीच ३० ला पोचली की नियंत्रण सुटतं. ४० ठेवा, अर्धा तास स्थिर होऊ द्या. पद्धत व्हॅलिडेटेड (रीतसर तपासून प्रमाणित केलेली) असेल तर तापमान परस्पर बदलू नका, आधी मंजुरी घ्या.

मिसळताना मेथॅनॉल आणि पाणी वेगवेगळं मोजा. ५०० अधिक ५०० मिलीचे १००० होत नाहीत, आकारमान आक्रसतं. म्हणून पाण्याने १००० पर्यंत भरलं की प्रमाण बिघडतं. मिश्रण गरमही होतं आणि बुडबुडे सुटतात. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग डिगॅस करा, म्हणजे विरघळलेली हवा काढून टाका. नाहीतर कॉलमनंतर प्रेशर एकदम पडतं तिथे उरलेली हवा सुटते आणि डिटेक्टरच्या बेसलाइनवर (आलेखाच्या सपाट रेषेवर) काटे दिसतात.

४० अंशांवर दिवसभर चालवूनही प्रेशर सरकलं, तर मात्र पंप तपासा.