दुसरा तुकडा बर्फात काहून ठेवला?

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्याला लागून दवाखाना. त्यामुळे माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बरेच जण हातात फाईल घेऊनच येतात, आणि प्रश्न ठरलेला: "तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कॅन्सरच ना?"

इतवारीतल्या एका आईचं सांगते (ओळख पटेल ते सगळं बदललंय). मुलगा 11 वर्षांचा, वर्षभर पोटदुखी, जुलाब. दुर्बिणीतून लहान आतड्याचे नमुने घेतले. "एक फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला, दुसरा बर्फात. काही लपवून राहिले का, ताई?"

"डॉक्टरांना विचारलंत?"

"भेव वाटते."

नुसता धीर देऊन पाठवणं मला पटत नाही. भीतीकडे पुरावा मागायचा, ही माझी रीत. तिला प्रश्न कागदावर लिहायला लावला.

पुढच्या भेटीला ती उत्तर घेऊन आली. बाटलीतला नमुना आतड्याची रचना बघायला. पण फॉर्मालिननं विकरं, म्हणजे एन्झाइम, निकामी होतात. ती काम करतात का हे बघायचं तर तुकडा लगेच गोठवावा लागतो. प्रयोगशाळेत तो घोटून त्यात दुधातली साखर, लॅक्टोज, मिसळतात, 37 अंशांवर ठेवतात आणि किती ग्लुकोज सुटलं ते मोजतात. सुक्रोज, माल्टोज या साखरांचंही तसंच.

"म्हंजे बर्फातल्या तुकड्याले कामाले लावाचं होतं!"

इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

अहवालात फक्त लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज फोडणारं विकर, कमी. बाकी विकरं ठीक, रचना शाबूत. आतड्याला इजा असती तर सहसा सगळीच खाली आली असती. मला वाटलं, संपलं. आणि ती रडायला लागली.

"रोज दोन गिलास दूध मीच पाजलं, नाक दाबून."

कॅन्सरच्या भीतीखाली हे दडलं होतं, आणि ते दिसायला मला तिसरी भेट लागली! अशा वेळी घाईनं समजूत घालायची नाही, एवढं इतक्या वर्षांत शिकलेय. ती शांत झाल्यावर बोलले. लहानपण सरताना लॅक्टेज कमी होणं जगातल्या बहुसंख्य माणसांत घडतं, ते जन्मजात ठरलेलं असतं. दुधानं आतडं बिघडत नाही. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, म्हणून गॅस आणि जुलाब. कपभर दूध अनेकांना सोसतं, दही त्याहून सोपं. आणि तुकड्यापर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते, बऱ्याचदा श्वासाच्या तपासणीवरच भागतं.

जाताना दारातून तिनं विचारलं, "अन् संत्रा बर्फी?"

"ते आहारतज्ज्ञांना विचारा. लिहून न्या."

तिनं पर्समधून तोच कागद काढला.