बेने इस्राएलांची ‘मशीद’

जुन्या मुंबईविषयीच्या एका लेखात बेने इस्राएल लोकांच्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हटले आहे. ही चूक समजावी का, आणि ‘सिनेगॉग’साठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहासाठी, योग्य मराठी शब्द कोणता, असे एका वाचकाने विचारले आहे.

ती चूक नाही. कोकणातले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, आपल्या प्रार्थनागृहाला स्वतःच मशीद म्हणत आले. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले ‘शआर हारहामीम’ हे ‘जुनी मशीद’ या नावानेही ओळखले जाते, आणि मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. मशीद हा शब्द मुळात अरबी असून नतमस्तक होण्याची जागा हा त्याचा अर्थ आहे. ज्या मुलखात मूर्ती नसलेल्या प्रार्थनागृहासाठी हा शब्द लोकांच्या तोंडी होता, तिथे या समाजाने तो आपलासा केला असावा, असे मला वाटते.

असा आपलासा केलेला ‘मशीद’ हा एकटाच शब्द नव्हता. या समाजात धर्मकृत्ये चालवणाऱ्या घराण्यांना ‘काजी’ म्हणत. प्रार्थनागृहाच्या कारभारात ‘मुकादम’ आणि ‘चौगुला’ हे पदाधिकारी असत, आणि त्यांच्याच शेजारी प्रार्थना म्हणणारा ‘हज्जान’ हा हिब्रू शब्दही सुखाने नांदत असे. दिवेकरांचेच उदाहरण घ्या. सॅम्युएल इझिकेल या बायबलमधल्या नावांचा हा माणूस ‘सामाजी हसाजी’ म्हणूनही ओळखला जाई, आणि किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर, तसेच त्यांचे आडनाव दिवे या गावावरून आलेले. यातले कोणते नाव खरे, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो, कारण ती दोन्ही नावे त्यांचीच होती.

‘शनिवार तेली’ या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पाळून घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ते नाव दिले. ते बाहेरून, जातीच्या चौकटीतून आलेले असल्यामुळे इतिहास सांगतानाच वापरावे. आजच्या माणसांना उद्देशून नव्हे. पुण्यातील बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंच्या ओहेल डेव्हिड या सिनेगॉगला गावाने दिलेले ‘लाल देऊळ’ हे नावही बाहेरचेच, पण ते इमारतीच्या विटांच्या रंगावरून पडले असल्याने त्यात कोणाला कमी लेखलेले नाही.

मराठी बायबलमध्ये ‘सभास्थान’ असा शब्द आहे. तो नेमका आहे आणि बायबलच्या संदर्भात तोच वापरावा. एरवीच्या लेखनात ‘सिनेगॉग’ पुरेसा रुळला आहे. परंतु बेने इस्राएलांविषयी लिहिताना, विशेषतः त्यांचे बोलणे किंवा जुनी पत्रे उद्धृत करताना, ‘मशीद’ खोडून तिथे दुसरा शब्द घालू नये. पहिल्या उल्लेखाला अर्थ सांगावा आणि पुढे तोच शब्द ठेवावा.