एक ते नऊ अंकांची एकमेव संख्या

प्रश्न : ३८१६५४७२९ या संख्येचे वैशिष्ट्य काय, आणि तशी दुसरी संख्या आहे का?

उत्तर : हिच्यात १ ते ९ हे अंक एकेकदाच येतात, शिवाय डावीकडून घेतलेली ३८ ही संख्या २ ने, ३८१ ही ३ ने, ३८१६ ही ४ ने, आणि याच क्रमाने शेवटी संपूर्ण संख्या ९ ने निःशेष भागली जाते. दुसरी अशी संख्या नाही, आणि त्याचे कारण मला वैशिष्ट्याहूनही सुंदर वाटते. पाचवा अंक ५ च हवा, सम स्थानांवर सम अंकच हवेत. ४ च्या कसोटीमुळे चौथा अंक २ किंवा ६ ठरतो, तर ३ च्या कसोटीमुळे मधले तीन अंक २५८ किंवा ६५४ एवढेच उरतात. मग ८ च्या कसोटीनंतर उरलेल्या मोजक्या संख्यांतून ७ ची कसोटी हिलाच निवडते : ३८१६५४७ = ७ × ५४५२२१.