15 वर्षं जुन्या मारुती 800ची कोणती कामं घरी करता येतील?

एअर फिल्टर, वायपर ब्लेड, स्पार्क प्लग खुशाल स्वतः बदला. प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा आणि नवा आधी हातानेच फिरवत बसवा. तिरका गेला तर हेडचे, म्हणजे इंजिनच्या ज्या भागात प्लग बसतो त्याचे, आटे जातात, मग खर्च फार वाढतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर आधी निगेटिव्ह वायर सोडवा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून घासा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. सकाळी गाडी चालू होत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

रेडिएटरचं झाकण इंजिन तापलेलं असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. ब्रेक आणि टायमिंग बेल्टचं काम माहीतगार मेकॅनिककडेच द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर अजिबात शिरू नका.